ट्रेडची बातमी खरी की खोटी? माझ्या डेस्कवरची तपासणी

सकाळी सव्वासातला फोन वाजला तेव्हा रात्रपाळी संपवून मी जेमतेम चार तास झोपले होते. पलीकडं एक बाई होत्या. "ताई, तुमच्या पेपरात आलंय म्हंजी खरंच असंल न्हवं?"

त्यांचा मुलगा कबड्डीपटू. आमच्याच जिल्ह्यातला, मातीतल्या मैदानावरून मॅटवर गेलेला. आदल्या रात्री मी 'थोडक्यात' या सदरात तीन ओळी लावल्या होत्या, की त्याच्या संघानं त्याला सोडलं. मला ती माहिती फेसबुकवरच्या एका पानावर मिळाली होती. संघाचा रंग, संघाचं बोधचिन्ह, खाली हजारो लाइक्स. पानाच्या नावात एक अक्षर जास्त होतं, तेवढं माझ्या नजरेतून सुटलं. मुलगा शिबिरात होता, तिथं दिवसभर फोन जमा करून घेतात. म्हणजे घरच्यांना विचारायला माणूस नाही आणि हातात पेपर. घराच्या कर्जाला जामीन राहिलेले पाहुणे नऊच्या आत दारात येऊन बसले होते. संध्याकाळी मुलाशी बोलणं झालं आणि सगळं खोटं निघालं.

दुसऱ्या दिवशी आम्ही खुलासा छापला. दोन ओळी, आतल्या पानावर, टेंडर नोटिसांच्या शेजारी. त्या माउलीला तो दिसलाच नाही. गावात कुणालाच दिसला नाही. पुढं महिनाभर लोक त्यांना विचारत होते, "आता पोरगं काय करनार?"

चूक सर्वस्वी माझी होती. त्यानंतर खेळाडूंच्या अदलाबदलीची, म्हणजे ट्रेडची, कुठलीही बातमी हातात आली की मी एका ठरावीक क्रमानं तपासते. दहा-पंधरा मिनिटं लागतात. तो क्रम इथं लिहिते आहे. पत्रकारितेत नव्यानं आलेल्या मुलामुलींना तो उपयोगी पडेल आणि सोसायटीच्या ग्रुपवर आलेलं पोस्टर पुढं पाठवण्याआधी थांबणाऱ्या कुठल्याही चाहत्यालाही.

पहिल्यांदा कोण म्हणालं?

आठ संकेतस्थळांवर एकच बातमी दिसली की आपल्याला वाटतं, आठ जणांनी सांगितलं. मी त्या आठही उघडते आणि प्रत्येकीत 'कुणाच्या हवाल्यानं' एवढंच शोधते. बहुतेक वेळा दुसरी पहिलीचा हवाला देते, तिसरी दुसरीचा, आणि पहिलीत लिहिलेलं असतं 'सोशल मीडियावर अशी चर्चा आहे'. मग एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) खेळाडूचं नाव आणि तारखेची मर्यादा घालून शोधायचं आणि सगळ्यात जुनी पोस्ट गाठायची. आठ साक्षीदार होते, ते एकावर येतात. तो एकही प्रत्यक्ष पाहणारा असेलच असं नाही.

मूळ खातं सापडलं की त्याचं नाव अक्षर अक्षर लावून वाचा. अमेरिकन बास्केटबॉलमध्ये 'एनबीए सेंट्रल' नावाचं बातम्यांचं खातं आहे आणि त्याची नक्कल करणारं 'एनबीए सेंटेल' नावाचं दुसरं. दुसरं खातं थट्टेसाठी आहे, तसं तिथं लिहिलेलंही आहे. तरी घाईत वाचणारे इतके फसले, की तिकडं फसण्यालाच 'सेंटेल्ड होणं' म्हणतात. माझ्या कबड्डीच्या पानावर झालं ते हेच.

निळ्या खुणेवर विसंबू नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्विटरनं पैसे भरणाऱ्याला निळी खूण द्यायला सुरुवात केली आणि पहिल्याच दिवसांत बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्सच्या नावाचं एक खोटं खातं निळ्या खुणेसह उभं राहिलं. आपल्या लेकर्स संघाकडं 'मी ट्रेडची अधिकृत मागणी करतो आहे' अशी पोस्ट त्यावरून पडली. नाव तेच, फोटो तोच, खूण तीच. वेगळं होतं ते फक्त हँडलचं, म्हणजे @ पुढच्या नावाचं, स्पेलिंग. संस्थांना आता सोनेरी खूण मिळते. संघाच्या खात्यावर ती आहे का बघा आणि नसेल तर संघाच्या संकेतस्थळावरून त्यांच्या खात्याच्या दुव्यावर जा. उलट्या दिशेनं जाऊ नका.

त्या खात्यानं मागच्या हंगामात काय काय सांगितलं होतं, तेही खाली सरकत बघा. खोट्या ठरलेल्या पोस्ट काढून टाकलेल्या असतात. खऱ्या ठरलेल्या एक-दोन मात्र वर पिन करून ठेवलेल्या असतात. २०२३ पासून एक्स काही खातेधारकांना त्यांच्या पोस्टना मिळणाऱ्या प्रतिसादानुसार पैसे देतं. म्हणजे लोकांनी चिडून उत्तरं दिली तरी त्या खात्याचा फायदाच. म्हणून खोटी पोस्ट दिसली तर तिला उद्धृत करून खोडू नका. स्क्रीनशॉट काढा, त्यावर मोठ्या अक्षरांत 'खोटं' लिहा आणि मग दाखवा.

मोठ्या पेपरनं छापलं म्हणून तपासणी संपत नाही, हेही इथंच सांगते. जानेवारी २००९ मध्ये लंडनच्या 'द टाइम्स'नं फुटबॉलमधल्या पन्नास उगवत्या ताऱ्यांची यादी छापली. तिसाव्या क्रमांकावर मसाल बुगदुव हा मोल्दोवाचा सोळा वर्षांचा खेळाडू होता, आर्सेनलकडं जाण्याची चर्चा असलेला. असा मुलगाच अस्तित्वात नव्हता. आयर्लंडमधल्या एका माणसानं तो रचला होता. आयरिश भाषेत त्या नावासारखा उच्चार होणाऱ्या शब्दांचा अर्थ 'माझं छोटं काळं गाढव' असा होतो. चर्चामंचांवर आणि विकिपीडियावर वृत्तसंस्थेच्या थाटातला मजकूर पेरला गेला, एकानं दुसऱ्याचं उचललं आणि शेवटी तो जगातल्या एका प्रतिष्ठित पेपरात पोचला. मोल्दोवाच्या फुटबॉल संघटनेला एक फोन केला असता तर पुरेसं होतं.

पैशांचं गणित मांडा

माझा सगळ्यात भरवशाचा मार्ग हा. अफवा पसरवणारे नावं जुळवतात, पण हिशेब जुळवत नाहीत.

आयपीएलचं घ्या. एका संघात जास्तीत जास्त २५ खेळाडू, त्यात परदेशी जास्तीत जास्त ८. प्रत्येक संघाच्या खर्चाला ठरलेली मर्यादा. ट्रेडमध्ये खेळाडू आपली किंमत बरोबर घेऊन जातो, म्हणजे ज्या संघात जाईल त्याच्या पर्समधून, म्हणजे खर्चाच्या त्या मर्यादेतून, तेवढे कोटी वजा होतात. दोन संघ आपसांत वेगळी ट्रान्सफर फी ठरवतात, ती पर्समध्ये धरत नाहीत आणि जाहीरही होत नाही. त्यामुळं ट्रान्सफर फीचा आकडा छातीठोकपणे सांगणाऱ्या पोस्टकडं मी आधीच संशयानं बघते.

प्रक्रियाही ठरलेली आहे. खेळाडू हवा असेल तर संघानं आयपीएलच्या यंत्रणेमार्फत विचारणा करायची, खेळाडूची लेखी संमती लागते आणि सगळं मंडळानं मंजूर केल्यावरच ट्रेड होतो. खेळाडूनं परस्पर दुसऱ्या संघाशी बोलणी करायची नाहीत. २०१० मध्ये रवींद्र जडेजाला याच कारणावरून त्या हंगामापुरतं आयपीएलबाहेर बसावं लागलं होतं. म्हणून 'अमुक खेळाडूनं स्वतः अमुक मालकाला फोन केला' असं वाचलं की मी विचारते, एवढी जोखमीची गोष्ट या खात्याला कुणी सांगितली?

हाच जडेजा नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा बातमीत होता. संजू सॅमसन राजस्थानातून चेन्नईला आणि बदल्यात जडेजा नि सॅम करन राजस्थानला, अशी चर्चा चालू होती. ऑगस्टपासून संजूच्या बदल्यात कोण जाणार यावर पोस्टरं फिरत होती. आपल्या ऋतुराजचं नाव त्यात आलं, शिवम दुबेचं आलं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तर रोज रात्री कुणीतरी 'आज सह्या झाल्या' म्हणत होतं. आमच्या डेस्कवरचा एक उत्साही मुलगा दोनदा पान उघडून बसला. मी त्याला म्हटलं, "आधी राजस्थानचे परदेशी मोज." त्यानं मोजले, ते आठ भरले. करन नववा. पर्समध्ये शिल्लक तीस लाख आणि करनची किंमत २ कोटी ४० लाख. कुणीतरी परदेशी खेळाडू बाहेर काढल्याशिवाय हा ट्रेड कागदावर होऊच शकत नव्हता. बोलणी खरी होती, 'आज सह्या झाल्या' मात्र खोटं. १५ नोव्हेंबरला अधिकृत घोषणा आली तेव्हा त्यात असा तपशील निघाला, जो बहुतेक पोस्टरांवर नव्हता. संजू १८ कोटींवर कायम, पण जडेजाची किंमत १८ वरून १४ कोटींवर आलेली.

मुंबई इंडियन्सच्या २०२३ च्या व्यवहाराचंही असंच. हार्दिक पांड्याची किंमत १५ कोटी. ती बसवायला जागा हवी, म्हणून साडेसतरा कोटींचा कॅमेरॉन ग्रीन बेंगळुरूकडं गेला. ज्यांनी 'हार्दिक येणार' एवढंच लिहिलं त्यांनी अर्धी बातमी दिली. 'मग जाणार कोण?' हा प्रश्न विचारणाऱ्यांना पुढची चाल आधी दिसली.

फुटबॉल असो की बास्केटबॉल, तिथल्या मर्यादा वेगळ्या असतात, पण मर्यादा असतातच. अदलाबदलीची मुदत (खिडकी) कधी उघडते, कधी बंद होते, संघात जागा आहे का, पगार बसतो का, हे चार आकडे कागदावर लिहून काढा.

क्रियापद वाचा

मथळ्यातलं नाव सगळे वाचतात. मी क्रियापद वाचते. 'रस दाखवला', 'चर्चा सुरू आहे', 'तत्त्वतः सहमती', 'वैद्यकीय तपासणी बाकी', 'सह्या झाल्या', 'जाहीर केलं' हे सहा वेगळे टप्पे आहेत. कुठल्याही दोन टप्प्यांच्या मध्ये व्यवहार मोडू शकतो. एका टप्प्याची बातमी पुढच्या टप्प्याच्या शब्दांत लिहिली की ती खोटी होते, मूळ माहिती कितीही पक्की असो.

२९ जुलै २०१५ ची रात्र. न्यूयॉर्कचा सिटी फील्ड, बेसबॉलचा सामना चालू. मेट्स संघाचा विल्मर फ्लोरेस मैदानात खेळतोय आणि तेवढ्यात ट्विटरवर बातमी आली, की त्याला मिलवॉकीला देऊन कार्लोस गोमेझला आणलं जातंय. व्यवस्थापकाला पत्ता नाही, खेळाडूला पत्ता नाही, पण स्टँडमधल्या हजारो लोकांच्या हातात फोन. फ्लोरेस फलंदाजीला आला तर लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. निरोपाच्या टाळ्या. सोळाव्या वर्षी व्हेनेझुएलातून याच संघटनेत आलेलं पोरगं. त्याला कळलं, तशी मैदानावर क्षेत्ररक्षण करतानाच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कॅमेऱ्यानं ते सगळ्या देशाला दाखवलं. सामन्यानंतर संघाच्या महाव्यवस्थापकांनी सांगितलं, असा कुठलाही व्यवहार झालेला नाही आणि होणारही नाही. गोमेझच्या वैद्यकीय अहवालावरून बोलणी फिसकटली होती.

त्या बातमीदारांनी काही रचलं नव्हतं. बोलणी खरोखर पुढं गेली होती. पण 'सहमतीच्या जवळ' होतं ते 'झालं' म्हणून पोचलं आणि मैदानावर एक माणूस रडला. दोन दिवसांनी त्याच फ्लोरेसनं बाराव्या डावात होमरन मारून सामना जिंकून दिला आणि छातीवरचं मेट्सचं नाव मुठीत धरून धावत आला. ती गोष्ट सांगायला लोकांना फार आवडतं. मला मात्र ते डोळे पुसणं जास्त आठवतं, कारण माझ्या कबड्डीपटूच्या घरी होमरन नव्हता.

क्रियापदाची आणखी एक कसोटी आमच्या डेस्कनं स्वतः दिली. २६ नोव्हेंबर २०२३, रविवार. संध्याकाळी संघांनी कायम ठेवलेल्या खेळाडूंच्या याद्या आल्या. गुजरातच्या यादीत हार्दिकचं नाव होतं. आमच्या ग्रुपवर जल्लोष, 'अफवा खोटी, हार्दिक गुजरातचाच'. थोड्याच वेळात भरवशाच्या क्रिकेट बातमीदारांनी लिहायला सुरुवात केली, की मुंबईशी व्यवहार ठरलाय. डाक आवृत्तीचं, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाचं, पान साडेनऊला सोडायचं होतं.

तेव्हा कळलं, की 'कायम ठेवलं' या शब्दांचा अर्थ आपण नीट वाचलेला नव्हता. कायम ठेवलं म्हणजे लिलावासाठी सोडलं नाही, एवढंच. ट्रेडची मुदत वेगळी, ती १२ डिसेंबरपर्यंत, लिलावाच्या आठवडाभर आधीपर्यंत उघडी होती. अधिकृत यादी खरी आणि ट्रेडची बातमीही खरी, असं एकाच वेळी असू शकत होतं. मी मथळा दिला, 'गुजरातच्या यादीत हार्दिक. मुंबईशी अदलाबदलीची बोलणी सुरूच'. वरिष्ठ म्हणाले, "फार मिळमिळीत वाटतंय." मी म्हटलं, "आत्ता एवढंच ठाऊक आहे." दुसऱ्या दिवशी, २७ तारखेला, ट्रेड अधिकृत झाला. ज्यांनी आदल्या रात्री 'हार्दिक गुजरातमध्येच राहणार' छापलं, त्यांच्याकडं अधिकृत कागद होता आणि तरी ते चुकले.

पुराव्यासारखं दिसणारं

विमानाचा नकाशा, इन्स्टाग्रामवर अनफॉलो केलेलं खातं, दोन खेळाडूंचा जुना फोटो, हॉटेलातलं आरक्षण. हे सगळं पुराव्यासारखं दिसतं.

८ डिसेंबर २०२३ ला बेसबॉलच्या जगाचं लक्ष जपानी खेळाडू शोहेई ओहतानी कुठल्या संघाशी करार करणार याकडं होतं. कॅलिफोर्नियातून टोरोंटोकडं निघालेलं एक खासगी विमान चाहत्यांनी ट्रॅकरवर शोधून काढलं. मग कुणीतरी जोडलं, की टोरोंटोच्या जपानी गोलंदाजानं सुशीचं रेस्टॉरंट राखून ठेवलंय. 'एमएलबी नेटवर्क' या बेसबॉलच्या वाहिनीचे अनुभवी बातमीदार जॉन मोरोसी यांनी लिहिलं, की ओहतानी टोरोंटोला निघाला आहे. दुसऱ्या एका संकेतस्थळानं तर टोरोंटोशी करार झाल्याचंच सांगून टाकलं. विमान उतरलं, दार उघडलं आणि बाहेर आले उद्योगपती रॉबर्ट हेर्जावेक, कुटुंबासह. दुसऱ्या दिवशी ओहतानीनं स्वतः इन्स्टाग्रामवर सांगितलं, की तो लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाकडं जातोय. करार दहा वर्षांचा, सत्तर कोटी डॉलरचा. त्या दिवशी तो टोरोंटोला गेलाच नव्हता.

विमान खरं होतं, मार्ग खरा होता. आत कोण बसलंय हे एकालाही माहीत नव्हतं. म्हणून अशा पुराव्यापुढं मी एक वाक्य पूर्ण करायला घेते: 'हे मला माहीत आहे, कारण... ' त्यापुढं 'त्यानं पाहिलं', 'तिनं सही केली', 'त्यांनी सांगितलं' यांपैकी काही लिहिता आलं नाही तर तो पुरावा नाही.

आपल्याकडचं उदाहरण ताजं आहे. ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी अभिषेक नायर कोलकात्याचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि लगेच 'रोहित कोलकात्याला' सुरू झालं. नायर मुंबईचा, रोहितचा जुना मित्र, त्याच्याबरोबर मेहनत घेणारा. मैत्री खरी, पण त्यातून ट्रेड निघत नाही. मुंबई इंडियन्सनं स्वतःच्या खात्यावरून सूर्य आणि रात्र (कोलकात्याच्या नावातलं 'नाइट') यांवर शब्दखेळ करत ते नामुमकिन असल्याचं सांगितलं, तेव्हा कुठं थांबलं. बोरिवलीत वाढलेल्या मुलावर जीव लावणाऱ्या लोकांनी ते दोन दिवस किती अस्वस्थपणे काढले, हे माझ्या फोनवरच्या प्रश्नांवरून मला ठाऊक आहे.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. अविश्वसनीय वाटतं म्हणून खोटं, हा नियमही चालत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बास्केटबॉलपटू लुका डॉनचिच डॅलसहून लेकर्सकडं आणि अँथनी डेव्हिस डॅलसकडं, ही बातमी ईएसपीएनच्या शॅम्स शरानिया यांनी मध्यरात्री दिली तेव्हा लोकांना वाटलं, त्यांचं खातं हॅक झालंय. हे खरं आहे, असं त्यांना वेगळं लिहावं लागलं. इतक्या खोट्या पोस्ट वाचून झाल्यावर लोकांचा खऱ्यावरही विश्वास बसेना. अशा वेळी विचारायचं ते एवढंच: खातं तेच आहे का, त्याची संस्था दुजोरा देतेय का आणि दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे, वेगळ्या तपशिलासह सांगितलंय का. वेगळा तपशील महत्त्वाचा. सोबत तिसरा कोणता खेळाडू जातोय, कुठल्या वर्षीचा ड्राफ्ट पिक (नवा खेळाडू निवडायचा हक्क) जातोय, हे नक्कल करणाऱ्याला माहीत नसतं.

स्वतः लिहीत असाल तर

संघाला आणि खेळाडूच्या प्रतिनिधीला फोन करा. 'फोन लागला नाही' ही सबब नाही, बातमीत लिहायची माहिती आहे. सूत्राचं नाव देता येत नसेल तर निदान सूत्र कुठं उभं आहे ते लिहा: संघाच्या व्यवस्थापनातलं, खेळाडूच्या बाजूचं की तिऱ्हाईत. कारण प्रतिनिधी भाव वाढवण्यासाठी बातमी सोडतात, संघ दुसऱ्या संघाचा अंदाज घेण्यासाठी सोडतात. बातमी कुणाच्या सोयीची आहे हे वाचकाला कळलं पाहिजे. आणि खेळाडूच्या घरी पेपर पोचण्याआधी त्याच्यापर्यंत आपण पोचलोय का, हे एकदा बघा. हे मी नियम म्हणून पाळते. त्यापायी दोन-तीन बातम्या दुसऱ्यांनी आधी दिल्या. चालतं.

चूक झालीच तर

टायपाचीही चूक होते. डिसेंबर २०२२ मध्ये जॉन हेमन या मुरलेल्या बेसबॉल बातमीदारानं घाईत लिहिलं, की 'आर्सन जज' हा खेळाडू जायंट्स संघाकडं जाणार असं दिसतंय. नाव ॲरन, त्यातही चूक आणि बातमीतही. काही मिनिटांत त्यांनी ती मागे घेतली, घाई केली म्हणून माफी मागितली. दुसऱ्या दिवशी ठरलं, की जज आपल्या यांकीज संघातच राहणार. ओहतानीच्या वेळी मोरोसी यांनीही त्याच दिवशी, त्याच खात्यावरून, स्वतःच्या नावानं चूक मान्य केली आणि बेसबॉलच्या चाहत्यांची माफी मागितली. चूक मोठी होती, पण माफी मागायला त्यांनी कोपरा शोधला नाही.

पोस्ट गुपचूप काढून टाकणं ही दुरुस्ती नव्हे. तिचे स्क्रीनशॉट फिरतच राहतात आणि ज्यानं वाचलं त्याला काही कळत नाही. जुन्या पोस्टखाली दुरुस्ती जोडा आणि तीच दुरुस्ती स्वतंत्र पोस्ट म्हणूनही टाका. संकेतस्थळावर मथळा बदललात तर 'अमुक वाजता बदलला, आधी असं लिहिलं होतं' हे तिथंच सांगा. छापील पानावर चूक ज्या जागी होती त्याच जागी, तेवढ्याच ओळींत. ग्रुपवर पाठवलं असेल तर ज्या ज्या ग्रुपवर पाठवलं तिथं सगळीकडं.

वाचक म्हणून जाब कसा विचारायचा

आधी पुरावा जपा: पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट, वेळ-तारखेसह, आणि दुवा. शक्य असेल तर वेबॅक मशीन या जुनी वेबपानं जपणाऱ्या संकेतस्थळावर ते पान साठवून ठेवा, म्हणजे नंतर मजकूर बदलला तरी मूळ राहतं. मग संपादकांना लिहा. संकेतस्थळांवर बहुधा तळाशी तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल असतो. पत्र लहान ठेवा. कुठली बातमी, त्यातलं कुठलं वाक्य चुकीचं, त्याला आधार काय आणि तुम्हाला काय हवंय. रागाचा मजकूर नको, तो वाचून बाजूला ठेवणं सोपं असतं.

छापील दैनिकानं दाद दिली नाही तर प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाकडं जाता येतं. आधी संपादकांना लिहिल्याची प्रत लागते आणि दैनिक किंवा साप्ताहिक असेल तर प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत तक्रार करावी लागते. कौन्सिल दंड करू शकत नाही. ताकीद देऊ शकतं, निषेध नोंदवू शकतं. एवढ्यानं काय होणार, असं अनेकांना वाटतं. डेस्कवर बसणारी म्हणून सांगते, संपादकांच्या टेबलावर तशी नोटीस आली की पुढचे सहा महिने प्रत्येक 'सूत्रांनुसार'पुढं प्रश्नचिन्ह काढलं जातं.

त्या कबड्डीपटूची गोष्ट मी अर्धीच सांगितली. पहिला खुलासा कुणाला दिसला नाही हे कळल्यावर मी संपादकांकडं गेले आणि त्याच सदरात, त्याच जागी, पुन्हा जागा मागितली. त्यांनी दिली. मजकूर असा होता, हवा तर नमुना म्हणून वापरा:

'या सदरात गेल्या महिन्यात आपल्या जिल्ह्यातील कबड्डीपटूस त्याच्या संघाने सोडल्याचे वृत्त दिले होते. ते खोटे होते. संघाच्या नावाने चालणाऱ्या बनावट पानावरून, संघाला न विचारता, आम्ही ते घेतले. खेळाडू संघातच आहे. खेळाडूची आणि त्याच्या कुटुंबाची आम्ही माफी मागतो. — क्रीडा विभाग'

त्या दिवशी पेपर घेऊन मी स्वतः त्यांच्या गावी गेले. माउलींनी तो मजकूर मला मोठ्यानं वाचून दाखवायला लावला, मग शेजारच्या दुकानदाराला हाक मारली आणि त्याच्यासमोर परत एकदा.